जुन्या पिकअपचा पॉवर स्टेअरिंग पंप बदलताना

“मालक, पंप गेलाय, नवीन टाकावा लागतोय.” स्टेअरिंग जड झालं म्हणून गाडी दाखवायला नेली की हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत कानावर येतं. माझ्या पिकअपच्या बाबतीत मी हे तीनदा ऐकलं. त्यात पंप खरोखर गेलेला होता एकदाच. एकदा बेल्ट सैल होता आणि एकदा स्टेअरिंग तेलाच्या टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पायपाची क्लिप ढिली होऊन पंप तेलाबरोबर हवा ओढत होता. पहिलं काम दहा मिनिटांचं, दुसरं पाच मिनिटांचं.

सोलापुरात जुनी पिकअप घेऊन धंदा सुरू करणारी बरीच पोरं आहेत. कुणी डिसेंबर-जानेवारीत सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांदा आणतो, कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरीचे गठ्ठे उचलतो. भरलेली गाडी यार्डाच्या गर्दीत जागेवरच वळवायची, पुन्हा मागे घ्यायची, पुन्हा वळवायची. पंपावर सगळ्यात जास्त ताण येतो तो इथे. हायवेला शंभर किलोमीटर सरळ गेलात तर त्याला फारसं काही होत नाही. म्हणून यार्डात चालणाऱ्या गाड्यांचे पंप लवकर थकतात.

हातात बऱ्यापैकी पाने असतील, एक मोकळा दिवस असेल आणि स्टेअरिंग धरायला एक माणूस असेल तर हे काम घरी करता येतं. पंप काढून दुसरा बसवणं अवघड नाही. नवीन पंप टिकतो की महिन्याभरात ओरडायला लागतो, हे मात्र तुम्ही जुनं तेल किती नीट धुतलं आणि हवा किती सबुरीनं काढली यावर ठरतं. लोक घाई करतात ती नेमकी याच दोन ठिकाणी, म्हणून खाली त्यांच्यावर जास्त लिहिलंय.

आधी खात्री करा

पंपात एक गोल रोटर असतो. त्याच्या खाचांत पातळ पट्ट्या सरकत असतात. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जातात, लंबगोल रिंगच्या भिंतीला घासत फिरतात आणि तेल पुढे ढकलतात. पूर्ण वळणावर हा दाब साधारण ८० ते १०० बारपर्यंत जातो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या ३५-४० पट. या पट्ट्या किंवा ती रिंग झिजली की दाब तयार होत नाही. मुख्य म्हणजे, जे झिजलं ते कुठे जात नाही. बारीक चुरा होऊन तेलातच फिरत राहतं.

आता लक्षणं. बोनेट उघडायच्या आधी टायरची हवा बघा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी स्टेअरिंग जड होतं, आणि ही साधी गोष्ट बघायचीच राहून जाते.

मग टाकीचं झाकण उघडून तेलाची पातळी बघा. कमी असेल तर तेल कुठून गेलं ते आधी शोधा. नुसतं ओतत राहू नका. आपल्याकडच्या काळ्या मातीचा एक उपयोग आहे: गळती असेल तिथे धूळ चिकटून ओला काळा थर बसतो, बाकी भाग कोरडा आणि धुळकट दिसतो. पुलीच्या मागे, पंपाच्या शाफ्टपाशी हा थर असेल तर शाफ्टचं ऑइल सील गेलंय. पायपाच्या जोडावर असेल तर पंप बिचारा निर्दोष आहे. इंजिन चालू असताना प्रेशरच्या, म्हणजे पंपातून दाबाचं तेल नेणाऱ्या पायपावरून बोट फिरवून गळती शोधायची नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून त्या दाबानं आलेलं तेल कातडीत घुसतं आणि ती जखम वाटते त्यापेक्षा फार वाईट असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर ठिपका उमटेल.

बेल्ट बघा. इंजिन बंद करून दोन पुल्यांमधल्या लांब भागावर मध्यभागी अंगठ्यानं जोर द्या. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला तर ठीक. त्याहून जास्त दबत असेल, किंवा पूर्ण वळणावर ‘चीं’ असा तीक्ष्ण आवाज येत असेल, तर बेल्ट घसरतोय. पंपाचा आवाज वेगळा असतो. तो घुमतो, रडल्यासारखा येतो, आणि रेस वाढवली की त्याचा सूरही चढतो.

तेल पुरेसं, बेल्ट घट्ट, टायरची हवा बरोबर, तरीही जागेवर उभ्या गाडीत स्टेअरिंग दोन्ही बाजूंना जड आणि रेस दिली की थोडं हलकं होत असेल, तर पंपाकडे बोट दाखवायला हरकत नाही. एकाच बाजूला जड असेल तर दोष बहुतेक स्टेअरिंग बॉक्सच्या (पंपाच्या दाबावर चाकं वळवणाऱ्या भागाच्या) व्हॉल्व्हमध्ये असतो, पंप बदलून तो जाणार नाही. आणखी एक चाचणी: पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग फिरवून बघा. तरीही ते कुठेतरी अडकत असेल तर बॉल जॉइंट, किंगपिन, कॉलमचा क्रॉस यांच्यापैकी कुठला तरी सांधा सुकलाय.

शेवटची खूण मला सगळ्यात खात्रीची वाटते. टाकीतलं थोडं तेल स्वच्छ पांढऱ्या कापडावर घ्या आणि उन्हात धरा. कापडाच्या धाग्यांत चंदेरी चमक दिसली, चिमटीत चोळल्यावर बारीक खरखर लागली, तर तो पंपाच्या पोटातला धातू आहे. मग वाट बघण्यात अर्थ नाही. अशी गाडी ओढत राहिलात तर एक दिवस पंप जाम होऊन बेल्ट तुटतो, आणि अनेक गाड्यांत तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. मोहोळच्या पुढे हायवेवर, मे महिन्याच्या उन्हात इंजिन तापवून उभं राहायची वेळ त्यातून येते.

सामान आणायला जाताना

जुना पंप शक्यतो काढून हातात घेऊनच दुकानात जा. गाडी त्यासाठी एक दिवस जास्त उभी राहील, तरी जा. एकाच मॉडेलच्या गाडीत वर्षागणिक पंप बदललेला असतो. गाडीचं नाव आणि साल सांगून मी एकदा पंप आणला, तो दिसायला हुबेहूब होता, पण पुली जवळपास बोटाच्या रुंदीइतकी बाहेर येत होती. बेल्ट तिरका चालला असता. दुकानात दोन्ही पंप शेजारी ठेवून पाच गोष्टी जुळवा: शाफ्टची लांबी, बोल्टची भोकं, पायपाच्या जोडाचे आटे, टाकीकडून येणाऱ्या नळीचं तोंड आणि फिरण्याची दिशा. दिशा फार महत्त्वाची, कारण हा पंप एकाच दिशेनं फिरवायचा असतो. अंगावर बाण असेल तर तो बघा.

नवीन, रिपेअर केलेला, की जुन्यालाच सील किट? गळती फक्त शाफ्ट सीलची असेल, आवाज नसेल आणि तेल स्वच्छ असेल तर सील किट टाकून भागतं. तेलात धातू दिसला असेल तर किटच्या नादी लागू नका, झिजलेली रिंग किटनं भरून येत नाही. रिपेअर केलेला पंप घ्यायचा तर ओळखीच्या माणसाकडूनच, कारण आत काय बदललंय ते बाहेरून दिसत नाही.

पंपाबरोबर प्रेशरच्या जोडाचे नवीन तांब्याचे वायसर घ्या. आय-बोल्टचा (ज्याच्या पोकळ पोटातून तेल जातं त्या बोल्टचा) जोड असेल तर पायपाच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लागतो. काही गाड्यांत त्याऐवजी ओ-रिंग (गोल रबरी कडं) असते. जुना वायसर पुन्हा वापरू नका. एकदा आवळलेल्या तांब्यावर बारीक वळ उमटतो, दुसऱ्यांदा तो तिथेच बसेल याची खात्री नाही, आणि त्या वळातूनच तेल झिरपतं. पायपाच्या क्लिपा आणि बेल्टही जुने असतील तर आत्ताच बदला, नाहीतर तेच सगळं पुन्हा उघडावं लागेल.

तेल कुठलं, ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत लाल रंगाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, पण पुस्तकात असेल तेच घ्या. गाडीत बसतं साधारण १ लिटर, धुण्यासाठी धरून ३ लिटर आणा. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका. त्यानं आतली रबरी सीलं फुगतात आणि पंपाबरोबर स्टेअरिंग बॉक्सही जातो. काही जण डिझेल घालून सिस्टीम धुतात, तेही करू नका.

उघडणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. उन्हाळ्यात सकाळी सहा-सातला सुरुवात केलेली बरी, अकरानंतर उन्हातला पाना हातात धरवत नाही. गाडी सपाट, टणक जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून उटी लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढची बाजू जॅकनं उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. मोकळ्या मातीत काम करत असाल तर घोडीखाली जाड फळी हवी, कारण काळी जमीन वरून कडक दिसली तरी वजनाखाली दबते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

पंपाभोवतीची माती ब्रशनं झाडून, कापडानं पुसून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण उघड्या जोडातून आत गेलेला मातीचा कण नवीन पंपाच्या पट्टीला ओरखडा काढतो. मोबाइलवर तीन-चार फोटो काढून ठेवा: बेल्ट कसा फिरतो, पायपं कुठून जातात, ब्रॅकेटचा कोणता बोल्ट लांब आणि कोणता आखूड.

पुली नटाची असेल तर बेल्ट काढायच्या आधीच तो नट अर्धा फेरा ढिला करून ठेवा. बेल्टनं पुली धरून ठेवलेली असते तोवर नट सुटतो, नंतर मोकळी पुली पान्याबरोबर फिरत राहते. काही पंपांवर पुली दाबून बसवलेली असते, तिला पुलरच लागतो. इथे हातोडा वापरायचा नाही. शाफ्टवर बसलेला एक घाव आतल्या रोटरपर्यंत पोचतो.

मोठ्या सिरिंजनं टाकीतलं तेल ओढून काढा. मेडिकलमध्ये ५० मिलीची सिरिंज मिळते, तिला पातळ नळी जोडली की झालं. मग बेल्टच्या टेन्शनचा बोल्ट ढिला करा, पंप इंजिनाकडे ढकला, बेल्ट उतरवा.

खाली पसरट भांडं ठेवून प्रेशरचा जोड उघडा. जोडाला दोन षटकोन असतील तर दोन पाने लावा: एक धरायला, एक फिरवायला. एकाच पान्यानं जोर लावला तर धातूची नळीच पिळून निघते आणि मग नवीन नळीचा खर्च. जोड गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा. फिक्स पाना षटकोनाचे कोपरे खातो, बसत असेल तर रिंग पानाच घ्या. नंतर टाकीकडून येणारी नळी काढा. दोन्ही नळ्यांची तोंडं स्वच्छ प्लॅस्टिक आणि रबरबँड लावून लगेच बंद करा.

ब्रॅकेटचे बोल्ट काढताना शेवटचा बोल्ट सोडायच्या आधी पंपाखाली एक हात द्या. पंप वाटतो त्यापेक्षा जड असतो. काही इंजिनांत पंप बेल्टवर नसून थेट गिअरवर बसतो, तिथे मागचा गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीन लागेल.

धुणं

पहिल्यांदा मी पंप बदलला तेव्हा ही पायरी गाळली होती. टाकीतलं तेल काढलंय, नवीन ओतलंय, झालं की, असं वाटलं. बाराव्या दिवशी नवीन पंप रडायला लागला. झाकण उघडलं तर तेल पुन्हा काळपट आणि त्यात तीच चंदेरी चमक. जुन्या पंपाचा चुरा स्टेअरिंग बॉक्समध्ये आणि पायपांत बसून होता, तो फिरून नवीन पंपात आला आणि त्यानं त्याला आतून खरवडलं. त्या पंपाचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून आता मी असं करतो. पंप बाहेर असतानाच बॉक्सकडून टाकीत येणारी रिटर्नची नळी टाकीपासून काढून बाटलीत सोडतो. प्रेशरच्या नळीचं प्लॅस्टिक काढून तिच्याखालीही भांडं ठेवतो. चाकं उचललेली आहेतच. मदतनीस हळूहळू स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो आणि बॉक्समधलं जुनं तेल बाहेर येतं. येणं थांबेपर्यंत फिरवायचं.

टाकी काढून उलटी करा. तळाशी जाळी किंवा फिल्टर असेल तर त्यावर बोटानं पुसता येईल असा काळा गाळ सापडतो. जाळी नव्या तेलात धुऊन घ्या. फिल्टर धुण्याजोगा नसेल तर बदला. टाकी आतून पुसायला सुती चिंधी नको, तिचे धागे सुटतात.

बसवणं

पुली जुन्या पंपावरून नवीन पंपावर चढवा. बसवण्याआधी पंपाच्या तोंडात थोडं नवीन तेल ओता आणि पुली हातानं, बरोबर दिशेनं, आठ-दहा फेरे फिरवा. पंप पहिल्या क्षणापासून ओला असला पाहिजे. कोरडा फिरलेला पंप काही सेकंदांत खराब होतो.

सगळे बोल्ट आधी हातानं लावा, मग आवळा. प्रेशरचा जोड तर पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवायचा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागलाय, काढून पुन्हा लावा. पंपाचं अंग बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं किंवा बिडाचं असतं, पान्याच्या जोरानं आटे एकदा कापले गेले की नवा पंप भंगारात. शेवटचा टाइट पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं करा.

टाकी जागेवर बसवून तिच्याकडून येणारी नळी पंपाला जोडा. आता धुण्याचा दुसरा भाग. रिटर्नची नळी अजून बाटलीतच ठेवा आणि टाकीचं ते तोंड बुचानं बंद करा. टाकी नव्या तेलानं भरा. बेल्ट चढवायच्या आधी पुली हातानं फिरवत राहा. वेळ लागतो, पण तेल पुढे सरकतं आणि नळीतून आधी काळं, मग मातकट, मग लालसर तेल येताना दिसतं. त्यानंतर बेल्ट चढवून बॅटरी जोडा. इंजिन सुरू न होता नुसता सेल्फ फिरेल अशी व्यवस्था करून दोन-तीन सेकंदांचे झटके द्या. त्यासाठी कोणती वायर काढायची ते गाडीगणिक वेगळं असतं, ओळखीच्या फिटरला विचारून घ्या. मदतनिसानं या वेळी तेल ओतत राहायचं, कारण टाकी बघता बघता रिकामी होते आणि एकदा रिकामी झाली की पंप हवा गिळतो. बाटलीत स्वच्छ तेल यायला लागलं की थांबा, रिटर्नची नळी जागेवर लावून क्लिप आवळा. बेल्टचा ताण वर सांगितल्याप्रमाणे ठेवा. फार ताणलात तर पंपाचं बेअरिंग जातं.

हवा काढणं

चाकं अजून वरच आहेत, इंजिन बंद आहे. टाकी खुणेपर्यंत भरा. मदतनिसाला स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा, वीसेक वेळा. तुम्ही टाकीवर नजर ठेवा. बुडबुडे वर येतील, पातळी उतरेल, भरत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत इंजिनाला हात लावू नका.

मग इंजिन सुरू करा, पण रेस देऊ नका. पुन्हा सावकाश दोन्ही बाजूंना फिरवा. टोकाला पोचलं की लगेच परत, पाच सेकंदांपेक्षा जास्त तिथे दाबून धरायचं नाही. टोकाला दाबून धरलं की तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून) जागच्या जागी फिरत राहतं आणि बघता बघता तापतं. यार्डात गाडी लावतानाही ही सवय मोडा, पंपाचं आयुष्य त्यानं वाढतं.

टाकीत आता घुसळलेल्या ताकासारखा फेस दिसला तर घाबरू नका आणि पुढेही जाऊ नका. इंजिन बंद करा आणि अर्धा तास गाडी तशीच सोडा. तेलात मिसळलेली बारीक हवा आपोआप वर येते, तिला घाई चालत नाही. पुन्हा सुरू करा, पुन्हा फिरवा. मला एकदा हे चार वेळा करावं लागलं होतं. पाचव्यांदाही फेस येत असेल तर हवा बाहेरून आत येतेय: टाकी ते पंप या नळीची क्लिप, तिला गेलेली बारीक चीर, नाहीतर शाफ्टचं सील.

तेल निवळ दिसलं, आवाज गेला, की गाडी खाली घ्या. वजन चाकांवर आल्यावर पुन्हा दोन्हीकडे वळवून बघा, खाली पुठ्ठा पसरून गळती तपासा. पहिली फेरी रिकाम्या गाडीनं, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर मारा. मी एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर जातो, कामगारांची शिफ्ट सुटायच्या आधी. डावी-उजवीकडे सारखाच जोर लागतो का आणि वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ येतं का, एवढं बघायचं. परत आल्यावर गरम तेलाची पातळी झाकणाच्या काडीवर ‘हॉट’च्या खुणेला जुळवा.

काढलेलं तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजात द्या.

नवा बेल्ट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडा सैल होतो, तेव्हा त्याचा ताण पुन्हा बघा. त्याच वेळी प्रेशरच्या जोडाखाली पांढरा कागद फिरवा आणि टाकीतलं थोडं तेल पुन्हा पांढऱ्या कापडावर घेऊन उन्हात धरा. या वेळी चमक दिसता कामा नये. दिसली तर तेवढं तेल काढून आणखी एकदा धुवा, त्यासाठीच १ लिटर राखून ठेवलेलं बरं.